आपल्याच घरात भाडेकरू म्हणून कसे राहावे

पुण्यात तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून, भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन आणि प्रसंगी घरातले सोने गहाण टाकून आपण कोथरूडला किंवा सहकारनगरला दोन खोल्यांची जागा घेतली असेल आणि निवृत्तीनंतर आपण तिचे मालक आहोत, अशा भ्रमात असाल, तर तो आधी काढून टाकावा. मिळकतकराच्या हिशेबात आपण स्वतःचेच भाडेकरू आहात. हे घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती रक्कम आली असती, याचा महापालिका अंदाज बांधते, दुरुस्तीपोटी थोडी वजावट देते आणि उरलेल्या करपात्र रकमेवर सर्वसाधारण कर, सफाई कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशी मालिका बसवते. ते भाडे आपण स्वतःकडून कधी वसूल केले नाही, ही आपल्या व्यवहारातली ढिलाई झाली. तिचा भुर्दंड महापालिकेने का सोसावा?

कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतले किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. आपण त्या भाग्यवंतांपैकी असाल, तर ते गाऱ्हाणे घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जाऊ नये. कर भिंतींवर लागतो आणि भिंतींना निवृत्तिवेतन नसते. जागेची किंमत कोटीच्या घरात गेल्याचे शेजारचा दलाल दर दिवाळीला सांगून जातोच. तेव्हा आपण श्रीमंत आहात हे मुकाट्याने मान्य करावे आणि औषधांच्या दुकानात मात्र गोळ्यांची अख्खी पट्टी न घेता पाचच गोळ्या कापून मागाव्यात.

महापालिकेची अडचणही आपण समजून घेतली पाहिजे. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात होती. ती २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर भरपाईसाठी राज्याच्या तिजोरीकडे पाहणे नशिबी आले. मालाचा ट्रक नाका चुकवून आडवाटेने जाऊ शकत असे. आपले घर जागचे हलत नाही आणि गुडघ्यांमुळे आपणही फारसे हलत नाही, म्हणून हा कर सर्वांत भरवशाचा. २०२५-२६ चा पुण्याचा अर्थसंकल्प १२,६१८ कोटी रुपयांचा होता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षे आयुक्तांनी आयुक्त या नात्याने अर्थसंकल्प मांडला आणि प्रशासक या नात्याने स्वतःच मंजूर केला. घरमालक आणि भाडेकरू एकच असण्याची आपली पद्धत ज्यांना विचित्र वाटते, त्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

आता ४० टक्क्यांचे प्रकरण. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देण्याची पुण्याची रीत १९७० पासूनची आहे. जवळजवळ अर्धशतक सुरळीत चालल्यावर तिच्यावर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१९ मध्ये ती रद्द झाली, पुढे अनेकांना मागील वर्षांच्या फरकाची मागणी गेली, आणि ओरड झाल्यावर २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा बहाल केली. बहाल झाली म्हणजे आपोआप मिळाली असे समजू नये. ज्यांची सवलत निघाली होती, त्यांनी आणि नव्याने आकारणी झालेल्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज, २५ रुपये शुल्क, आपण येथेच राहतो असे सोसायटीचे पत्र आणि मतदार ओळखपत्र किंवा शिधापत्रिकेसारखा एखादा कागद घेऊन रांगेत उभे राहायचे होते. ज्या घरात आपले केस पिकले, तिथे आपण राहतो हे तिथे परवा राहायला आलेल्या सोसायटीच्या सचिवाने लिहून द्यायचे, यात अपमान मानू नये. खबरदारी म्हणून स्वतःचे लेंगे कायम गॅलरीतल्या दोरीवर वाळत ठेवावेत आणि नातवाच्या मुंजीला ठाण्याला गेलात तरी मुक्काम लांबवू नये. मागे कोणी पाहणीला आले आणि दाराला कुलूप दिसले, तर उगाच शंकेला जागा नको.

आपली सर्वांत महागडी सवय मात्र वेळेवर कर भरण्याची आहे. लवकर भरल्यास सर्वसाधारण करात पाच किंवा दहा टक्के सूट मिळते, आणि २०२३ मध्ये तर वेळेत भरणाऱ्यांसाठी मोटारी, ई-बाईक आणि लॅपटॉपची सोडतही काढली होती. ज्याचा परवाना मोतीबिंदूने घरात बसवला आहे, त्याने मोटारीच्या आशेने कर भरावा, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीच लागेल. याउलट थकबाकीदाराचे पाहा. त्याला दरमहा दोन टक्के शास्ती लागते, क्वचित दारात बँडबाजाही वाजतो, पण त्याने धीर सोडला नाही तर अभय योजना येते. २०२० मध्ये शास्तीत ८० टक्के माफी होती, २०२५ च्या अखेरीस ७५ टक्के. ‘अभय’ हा शब्द आपण आजवर कीर्तनात ऐकला असेल. तो महापालिकेतही मिळतो, फक्त आधी थकवावे लागते. हे धाडस या वयात आपल्याच्याने होणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

एक घरगुती सूचना राहिली. लिफ्टच्या मोहाने इमारत पुनर्विकासाला देण्याआधी नीट विचार करावा, कारण जुन्या इमारतीची आकारणी जुन्या दराने झालेली असते आणि नवीची नव्या दराने होते. पत्ता तोच, म्हातारा तोच, पण त्याचे काल्पनिक भाडे मात्र एकदम वाढते. तीन जिने चढता येत असतील तोवर चढावेत.

आणि वारसांना आताच सांगून ठेवावे, की नाव बदलण्याचा अर्ज कोणी केला नाही तर बिल पुढेही आपल्याच नावाने येत राहील. अनेक घरांत ते दिवंगत वडिलांच्या नावाने दरवर्षी येते. आई ते नाव एकदा वाचते, चष्मा पुसते आणि मुदत संपण्याआधी भरून टाकते.