चोर सोडून संन्याशाला फाशी: बागेतले रूळ आणि पितळेची बदनामी

बागेतल्या मॉडेल रेल्वेत इंजिनाला वीज सहसा रुळांतूनच मिळते. त्या रुळांसाठी एक सल्ला हातोहात फिरतोय: "रूळ घ्यायचे तर स्टेनलेस स्टीलचेच. पितळ काळं पडून वीज नेणं बंद करतं, अ‍ॅल्युमिनियम तर वीज धड नेतच नाही. तुकडे एकमेकांत घट्ट दाबा, खाली स्क्रूने आवळून टाका, पुन्हा हात लावावा लागणार नाही." यातल्या बहुतेक गोष्टी थोड्या खऱ्या आहेत, म्हणूनच त्या फसवतात.

पितळ काळं पडतं, हे कबूल. पण काळं पडणं वेगळं आणि वीज न नेणं वेगळं. काळपट थर वरवरचा असतो, आत पितळ तेच असतं. चाक टेकतं ते रुळाच्या माथ्यावर. तेवढा माथा पुसला की काम झालं, बाजू कितीही काळवंडली तरी चाकाला तिच्याशी घेणंदेणं नाही. स्टीलला पुसणं कमी लागतं, हे मात्र खरं. महिन्यातून एखाद्याच रविवारी गाडी काढणार असाल तर स्टील घ्यायला हे कारण पुरेसं आहे.

फक्त त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. स्टेनलेस स्टीलचा विद्युतरोध पितळेच्या साधारण दहापट असतो. म्हणजे मार्ग लांब असेल तर ठिकठिकाणी जाड तांब्याच्या तारेने वीज जोडणं आलंच.

अ‍ॅल्युमिनियमबद्दलचा दावा तर सरळ उलटा आहे. ते पितळेपेक्षा दुपटीहून चांगलं वाहक आहे. अडचण त्याच्या पृष्ठभागाची: हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो थर वीज अडवतो. त्यामुळे सांधे दगा देतात, साध्या सोल्डरचा डागही धरत नाही. ओलाव्यात पितळेला चिकटून ठेवलं तर ते कुरतडलंही जातं. इंजिनात बॅटरी असेल तर मात्र हा सगळा वादच संपतो. मग खुशाल अ‍ॅल्युमिनियम टाका.

आता खरा चोर: सांधे. ३० मीटरचा मार्ग ३० सेंटिमीटरच्या तुकड्यांनी केला तर एका रुळाला शंभर, म्हणजे दोन्ही रुळांना मिळून दोनशे सांधे येतात. दीड मीटरचे तुकडे घेतले तर चाळीस. "घट्ट दाबा" म्हणणारे दोन तुकडे जोडणाऱ्या सांधपट्टीच्या पकडीवर भिस्त ठेवतात. पहिल्या दिवशी ती पकड छानच असते. मग ऊन-पाऊस, धूळ, आणि पट्टीच्या आत शिरलेला चिखल.

माझी गाडी दूरच्या वळणावर रांगायची. मीटर लावला तर तिथेही पूर्ण १२ व्होल्ट. फसगत इथेच होते: वीज खेचणारं काही जोडलेलं नसताना मीटर सगळं आलबेल दाखवतो. मग मोटारगाडीचा २१ वॅटचा दिवा त्या टोकाला रुळांवर जोडला आणि व्होल्टेज धाडकन आठवर आलं. दिवा तसाच पेटता ठेवून मीटरचं एक टोक सांध्याच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, असं करत पुढे सरकलो. चांगला सांधा जवळपास शून्य दाखवतो. एकाने दोन व्होल्टच्या वर खाल्ले होते. पट्टी काढली तर आत हिरवट भुकटी आणि वाळलेली माती. रूळ पितळेचाच होता, आणि तो बिचारा ठणठणीत होता. टोकं घासून उजळवली, वाहक ग्रीस लावलं, पट्टीऐवजी स्क्रूचा क्लॅम्प बसवला. वळणावरचं रांगणं तिथेच थांबलं.

क्लॅम्प महाग पडतात, म्हणून काहीजण सांध्यावरून तार सोल्डर करतात. तेही उत्तम. पण जाड पितळ उष्णता भराभर ओढून नेतं, म्हणून सोल्डरिंग आयर्न दणकट हवी आणि दोन्ही बाजूंना ओलं फडकं. नाहीतर रुळांखालचे प्लॅस्टिकचे स्लीपर आधी वितळतात.

स्क्रूने आवळण्याचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा. १० मीटर पितळी रूळ ४० अंशांच्या फरकात साडेसात मिलिमीटर वाढतो. "स्टील वाढत नाही" म्हणणाऱ्यांसाठी: नेहमीचं स्टेनलेस जवळपास सात मिलिमीटर वाढतं. ही वाढ कुठेतरी जाणारच. जागोजागी आवळलेला रूळ भर दुपारी सापासारखा वळतो. त्याला खडीत मोकळा बसू द्या, वळणं आपोआप थोडी बाहेर सरकून वाढ पोटात घेतात. लांब सरळ भागात एखादा सरकता सांधा ठेवा आणि त्यावरून मऊ तारेचा सैल फेरा जोडा, म्हणजे फट उघडली तरी वीज तुटत नाही.

राहिलं "पुन्हा हात लावावा लागणार नाही". पानं, मुंग्यांची वारुळं, रूळ बदलायच्या काट्यात अडकलेला खडा हे कुठल्याच धातूला चुकत नाही. पुसायला फडकं किंवा बारीक घासपट्टी घ्या. स्टील वूल मात्र नको: त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात, आणि मग रूळ चकचकीत असूनही इंजिन उघडावं लागतं.