सुट्टा माल आणि ‘नॅचरल’ची पाटी

पुण्या-ठाण्याकडच्या वादात दोन पक्ष ठरलेले आहेत. उपनगरांत उघडणारी ‘ऑरगॅनिक’, ‘विषमुक्त’, ‘नॅचरल’ दुकानं ही पैसेवाल्यांची हौस, असं एक पक्ष म्हणतो. आपल्या आज्या हेच तर खात होत्या, आता कुठे आपण शुद्धीवर येतोय, असं दुसरा म्हणतो. भांडण सगळं पाटीवरून. अमेरिकेतल्या उपनगरांत ही दुकानं बरीच आधी आली, टिकली, काही बुडालीही. ती बघितल्यावर वाटतं, पाटी राहू द्या, आधी आतला तराजू बघा.

शिकागोचं घ्या. २०१३च्या डिसेंबरात डॉमिनिक्स ही जुनी किराणा साखळी गाशा गुंडाळून गेली आणि उपनगरांतल्या मोठमोठ्या जागा ओस पडल्या. त्यानंतर चारेक महिन्यांत, एप्रिल २०१४मध्ये, माउंट प्रॉस्पेक्ट या उपनगरात फ्रेश थाइम या ‘नॅचरल’ किराणा साखळीचं पहिलं दुकान उघडलं. मागे पैसा होता मायर या मिडवेस्टातल्या बड्या साखळीचा. मधोमध भाजी, एका अंगाला सुट्ट्या धान्याचे पारदर्शक डबे, बाजूला व्हिटॅमिनच्या बाटल्या. २००२मध्ये ॲरिझोनात सुरू झालेल्या स्प्राउट्स या तशाच साखळीच्या दुकानात गेलेल्याला ही मांडणी लगेच ओळखू येते. फ्रेश थाइम पुढे बऱ्याच राज्यांत पसरलं आणि त्यातली काही दुकानं बंदही झाली.

अशा दुकानाचं स्वागत गावाची नगरपालिका का करते, याचं उत्तर आरोग्यापेक्षा करात जास्त आहे. इलिनॉयमध्ये किराण्यावरचा एक टक्का राज्यकर थेट त्या-त्या गावाच्या तिजोरीत जायचा. १ जानेवारी २०२६पासून तो राज्यकर गेला, पण गावांना स्वतःचा तेवढाच कर लावायची मुभा मिळाली आणि पुष्कळ गावांनी ती घेतली. किराणा दुकान गेलं की गावाचं उत्पन्न जातं, शिवाय त्याच्या आधारावर चालणारी शेजारची लाँड्री, सलून, पिझ्झावाला हेही आचके देऊ लागतात. मालकाच्या भाडेकरारात बऱ्याचदा आणखी एक कलम असतं: याच आवारात दुसरं किराणा दुकान येऊ द्यायचं नाही. साखळी निघून गेली तरी कधीकधी हे बंधन मागे राहतं आणि जागा वर्षानुवर्षं रिकामी पडते. आपल्याकडे नव्या टाउनशिपमध्ये एकाच दुकानाला मक्ता देणाऱ्यांनी हे कलम नीट वाचावं.

‘हौस’ म्हणणाऱ्या पक्षाच्या हातात शिकागोतला एक पुरावा आहेच. एंगलवूड या गरीब वस्तीत होल फूड्स या महागड्या ‘ऑरगॅनिक’ साखळीने सप्टेंबर २०१६मध्ये दुकान उघडलं. शहराने त्या जागेसाठी एक कोटी सात लाख डॉलर सार्वजनिक पैसा घातला. नोव्हेंबर २०२२मध्ये दुकान बंद. किराण्यात शंभर डॉलरच्या विक्रीवर एक ते तीन डॉलर हातात राहतात. भाजी आणि सुटा माल भराभर खपला नाही तर ते तीन डॉलर कचऱ्याच्या डब्यात जातात. म्हणजे अशा दुकानाचा जीव खपात आहे. हा मुद्दा पुढे ग्राहकाच्या बाजूनेही येईल.

आता ‘नॅचरल’ या शब्दाकडे. महाराष्ट्रात ‘नैसर्गिक’ म्हटलं की शेतीची पद्धत डोळ्यांपुढे येते. सुभाष पाळेकरांचं जीवामृत म्हणजे दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत अठ्ठेचाळीस तास, एका एकराला. पाळेकर तर ‘सेंद्रिय’वाल्यांशीही भांडतात, गांडूळखताला नाकं मुरडतात. अमेरिकेत ‘नॅचरल’चा शेताशी काडीचा संबंध नाही. कृत्रिम रंग-वास घातलेले नाहीत, एवढाच ढोबळ अर्थ. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, अन्न व औषध प्रशासनाने २०१५मध्ये लोकांची मतं मागवली, व्याख्या अजून केलेली नाही. मांसावर ‘नॅचरल’ लिहिलेलं असेल तर ते फारशी प्रक्रिया न केलेलं आणि कृत्रिम काही न घातलेलं, एवढंच समजायचं. जनावराने काय खाल्लं याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

गंमत अशी की व्याख्या आहे ती भारतात. जाहिराती आणि दाव्यांबद्दलच्या २०१८च्या एफएसएसएआय, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांत ‘नॅचरल’, ‘प्युअर’, ‘ट्रॅडिशनल’ हे शब्द कधी वापरायचे त्याच्या अटी घातलेल्या आहेत. तेव्हा ‘तिकडे कायदे कडक आहेत’ हे आपलं आवडतं वाक्य इथे तरी उलटं आहे. ‘ए-टू’, म्हणजे देशी गाईचं म्हणून विकलं जाणारं दूध, त्याचं काय झालं आठवा: ऑगस्ट २०२४मध्ये पाकिटांवरून तो दावा काढायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत ती सूचना मागेही घेतली.

‘ऑरगॅनिक’ला मात्र अमेरिकेत २००२पासून दात आहेत. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकी कृषिखात्याचा, हिरवा-पांढरा शिक्का हवा तर घटकांपैकी पंच्याण्णव टक्के सेंद्रिय हवेत. सत्तर टक्के असतील तर ‘मेड विथ ऑरगॅनिक’ एवढंच लिहिता येतं, शिक्का मिळत नाही. शेतात तीन वर्षं मनाई असलेलं काही पडलेलं नसावं. फळावरच्या चिकटपट्टीचा आकडा पाहिला तरी पुरतं: साधं केळं ४०११, सेंद्रिय केळं ९४०११. पाच आकडी आणि सुरुवात नऊने, म्हणजे सेंद्रिय. गल्ल्यावरचा माणूस घाईत ४०११ मारतो तेव्हा फायदा आपला, उलटं झालं तर तोटा. पावती दारातच वाचावी.

या शिक्क्यापायी एक मजेशीर पेच आपल्या हापूसचा झाला आहे. भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार २००७मध्ये उघडलं, पण अट अशी की कोयीतला भुंगा आणि फळमाशी यांची वीण थांबवायला किमान चारशे ग्रे (ग्रे हे मात्रेचं माप) विकिरण द्यायचं. लासलगाव आणि वाशी इथे ते होतं, अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली. आणि इथला सेंद्रिय नियम विकिरणाला साफ मनाई करतो. म्हणजे रत्नागिरीच्या बागेत कोणी कितीही निष्ठेने जीवामृत ओतलं, पंधरा वर्षं फवारणीचा पंप हातात धरला नाही, तरी तो आंबा इथल्या फळीवर ‘ऑरगॅनिक’ म्हणून बसू शकत नाही. शेजारी मेक्सिकोचा अताउल्फो गरम पाण्यात बुडवून येतो, त्याला विकिरणाची गरज नाही, तो सेंद्रिय असेल तर शिक्का मिरवतो. मे २०२५मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधराएक खेपा कागदातल्या चुकीपायी नाकारल्या गेल्या. परत नेण्यापेक्षा नष्ट करणं निर्यातदारांना स्वस्त पडलं. फळात दोष नव्हता, कागदात होता.

कागदाचा दुसरा फटका धान्याला बसला. पूर्वी अपेडाने, म्हणजे भारताच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने, मान्य केलेल्या संस्थेचा सेंद्रिय दाखला अमेरिका चालवून घ्यायची. जानेवारी २०२१मध्ये ती मान्यता काढली, मुदत दिली जुलै २०२२पर्यंत, आणि त्यानंतर भारतातल्या प्रमाणन संस्थांना थेट यूएसडीएकडून मान्यता घ्यावी लागली. ‘आपलं शुद्ध आहे, जग ओळखत नाही’ हा सूर यावर निघतोच. पण जग शुद्धता ओळखत नाही, खेपेचा कागद ओळखतं.

आता त्या पारदर्शक डब्यांपाशी येऊ. माझ्या मते या दुकानातली खरी घेण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि ती आपण सोडायला निघालो आहोत. उपनगरातला अमेरिकी ग्राहक आज उत्साहाने मसूर, जवस, ओट्स, बदाम सुटे मोजून घेतो. पुण्यातलं ‘नॅचरल’ दुकान तोच मसूर पाचशे ग्रॅमच्या तपकिरी कागदी पाकिटात, वर दोरी बांधून विकतं.

डबे दोन जातींचे. एक उभा, खाली दांडा ओढला की माल पडतो. दुसरा तिरपा, झाकण आणि पळी. उभ्या डब्यात हात जात नाही म्हणून तो स्वच्छ वाटतो, पण त्यात एक खोट आहे: धान्य मधल्या नळीतून खाली उतरतं, कडेचं जागच्या जागी चिकटून राहतं. डबा पूर्ण रिकामा न करता वरून नवं पोतं ओतलं तर कडेचा माल महिनोन्महिने तिथेच. असे जुने चणे किंवा राजमा घरी आणले की रात्रभर भिजवूनही गणंग राहतात, कुकरच्या शिट्ट्या मोजत बसा. तेलकट मालाचं आणखी वाईट. जवस, अक्रोड, ब्राउन राइस, कणीक यांना खवट वास धरतो. चिमूटभर तळहातावर चोळून हुंगला तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास येतो. तसा आला तर पुढे चालावं. पळीच्या डब्याची खोट वेगळी: शेंगदाण्याची पळी बदामात जाते. घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर या भिंतीवरून काही घेऊच नये.

बरणी घेऊन जाणार असाल तर आधी रिकाम्या बरणीचं वजन करून चिकटपट्टीवर लिहून घ्यायचं. लिटरभराची काचेची बरणी साधारण एक पौंडाची भरते. वजन वजा झालं नाही तर बदामाच्या भावाने काच विकत घेतली म्हणायची. मग डब्याचा आकडा लिहायचा. सेंद्रिय आणि साध्या मालाचे डबे शेजारी-शेजारी असतात, आकडा चुकला की भाव बदलतो. मसाले इथूनच घ्यावेत, वीस ग्रॅम धने हवे तर वीस ग्रॅमच मिळतात. फक्त तराजू पौंडाच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे साडेचार ग्रॅमपर्यंतच वाचतो, त्यामुळे दोन लवंगांचा हिशेब तिथे लागणार नाही. भाव पौंडाचा असतो. सव्वादोनने नाही, २.२ने गुणायचं. १.९९ डॉलर पौंड म्हणजे किलोला साधारण ४.३८. शेजारच्या पाकिटावर तोच भाव औंसात लिहिलेला असतो, कारण ग्राहकाने तुलना केलीच पाहिजे अशी दुकानाला घाई नसते.

तूर आणि हरभऱ्याची डाळ मात्र शिकागोजवळच्या नेपरव्हिल किंवा शॉमबर्गच्या देशी दुकानातूनच आणावी. तिथे तुरीचं पोतं दिवसांत संपतं, इथे अख्खा हरभरा पडून राहतो. खपाचा मुद्दा तो हाच. पिठल्यासाठी इथलं ‘गरबांझो’ पीठ उचलू नये, ते काबुली चण्याचं असतं. बेसनासारखं आळत नाही.

घरी आणल्यावर माल पिशवीसकट चार दिवस फ्रीजरमध्ये, उणे अठराला. सोंड्यांची अंडी दाण्याच्या आत असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. गार दाण्यांवर दव धरतं आणि बुरशी येते. डब्यात जाळं आणि बारीक पाखरं दिसली तर तो ‘इंडियन मील मॉथ’. नाव ऐकून शेजारी आपल्या तांदळाकडे बघतात. पण ‘इंडियन मील’ हे मक्याच्या पिठाचं इथलं जुनं नाव. त्या नावाचा भारताशी संबंध नाही.

पुण्या-ठाण्याच्या वादात माझं मत ‘हौस’वाल्यांच्या विरुद्ध आहे, पण ‘आजी’वाल्यांच्याही बाजूचं नाही. आजीच्या वाण्याकडे सुटा माल होता, हे खरं. तो कुठल्या गावचा, कधी उघडला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि आता १८ जुलै २०२२पासून पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटातल्या डाळ-तांदळाला पाच टक्के जीएसटी आहे, सुट्ट्याला नाही. ‘नॅचरल’ दुकानदाराने पाकीट करून भाव वाढवावा आणि वर पाच टक्के ग्राहकाकडून घ्यावेत, यात निसर्गाचं काय भलं झालं?

दुकानदाराला विचारायचं तर नेमकं विचारावं. भिंतीवर चौकटीत लावलेला सेंद्रियचा दाखला असतो, ते स्कोप सर्टिफिकेट. ते वर्षभराचं, शेताचं किंवा गिरणीचं. समोरच्या पोत्यातल्या तुरीबद्दल ते काही सांगत नाही. त्या पोत्याचा कागद म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, त्यावर खेप आणि वजन असतं. वजन दोनशे किलो आणि दुकानात वर्षभर तीच तूर चालू, तर समजून घ्यावं. शेतकरी स्वतः विकत असेल आणि त्याची उलाढाल वर्षाला बारा लाखांच्या आत असेल तर त्याला दाखल्यातून सूट आहे. मग त्याने जैविक भारतचा, म्हणजे सेंद्रिय मालाचा सरकारी, लोगोही लावायचा नसतो. लोगो आहे पण कागद नाही, किंवा ‘विषमुक्त’ आहे आणि लोगो नाही, या दोन्हीत मी दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवीन, निदान शेतकरी समोर उभा असेल तर.

मोठं दुकान असो की सोसायटीच्या गेटावरचा टेम्पो, पोत्याच्या तोंडाशी एक पुठ्ठा बांधता येतो: वाण, गाव, खेपेचा आकडा, पोतं उघडल्याची तारीख, किलोचा भाव. तारीख खडूने लिहू नये, रोज पुसून नवी घालतात. खेपेच्या आकड्याला तसं करता येत नाही, तो पोत्यावर शिवलेल्या पट्टीशी जुळवून बघता येतो.