अल ग्रीन गॉस्पेलकडे वळले, पण एका रात्रीत नव्हे

सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतशैलीतले गायक अल ग्रीन यांच्याविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. १९७४ मध्ये प्रेयसीने त्यांच्या अंगावर उकळती पेज ओतली, त्या धक्क्याने त्यांनी सोल सोडले, ते धर्मोपदेशक झाले आणि त्यांच्यातला गायक तिथेच संपला, असे त्यात म्हटलेले असते. यातली घटना खरी आहे. तिच्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

१८ ऑक्टोबर १९७४ रोजी मेम्फिसजवळच्या घरी एका मैत्रिणीने ग्रीन यांच्यावर मक्याच्या भरड्याची उकळती पेज ओतली आणि त्यानंतर त्याच घरात स्वतःवर गोळी झाडून घेतली. ग्रीन यांची पाठ, पोट आणि हात भाजले. परंतु आपल्याला श्रद्धेचा साक्षात्कार १९७३ मध्येच, कॅलिफोर्नियात डिस्नेलँडमधल्या कार्यक्रमानंतर हॉटेलात पहाटेच्या वेळी झाला, असे ते स्वतः सांगत आले आहेत. १९७४ च्या आघाताने त्या श्रद्धेला बळ मिळाले असेल, पण तिचा उगम तिथे नाही. एका स्त्रीचा मृत्यू पुरुषाच्या उद्धारकथेतला सोयीस्कर प्रसंग म्हणून वापरला जातो, हे मला या मजकुरात सर्वांत जास्त खटकते.

सोल तत्काळ सोडले, हेही खरे नाही. १९७६ मध्ये मेम्फिसमध्ये ‘फुल गॉस्पेल टॅबर्नॅकल’ हे चर्च सुरू करून ते तिथे पाळक झाले, तरी मैफली आणि ध्वनिमुद्रणे चालूच होती. १९७७ चा ‘द बेल अल्बम’ ऐकावा: निर्मिती त्यांची स्वतःची, गिटारही बरीचशी त्यांचीच, आणि शीर्षकगीतात ते प्रेयसीला सांगतात की ओढ तुझी आहे, पण गरज त्या परमेश्वराची आहे. सोडून जाणारा माणूस असे गात नाही. दोन्हींमध्ये अडकलेला गातो. १९७९ मध्ये सिनसिनाटीत ते रंगमंचावरून पडले, तो त्यांनी ईश्वरी इशारा मानला, आणि त्यानंतरच ते पूर्णपणे गॉस्पेलकडे, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताकडे, वळले.

शिवाय हे क्षेत्र त्यांना परके नव्हतेच. आर्कान्साच्या फॉरेस्ट सिटीत जन्मलेले ग्रीन लहानपणी भावांसोबत गॉस्पेल गात असत, आणि धर्मेतर गाणी गाणाऱ्या जॅकी विल्सन यांच्या तबकड्या ऐकल्याबद्दल वडिलांनी त्यांना घराबाहेर काढले होते.

सोलमध्ये बाजार उरला नाही म्हणून ते धर्माकडे गेले, अशी पुरवणीही कोणी जोडतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचा खप घटला होता, हे मान्य. पण चर्च चालवणे हा खप वाढवण्याचा मार्ग नव्हे, आणि ग्रीन यांनी ते पुढे अनेक दशके चालवले.

राहिला गायक संपल्याचा दावा. १९८० पासून त्यांनी ‘मर’ या ख्रिस्ती संगीताच्या कंपनीसाठी गायले. सोलच्या ऐन बहरात एकदाही न मिळालेला ग्रॅमी त्यांना तिथल्या ‘द लॉर्ड विल मेक अ वे’ने मिळवून दिला, आणि त्यांच्या एकूण ११ ग्रॅमींपैकी ८ गॉस्पेलसाठी आहेत. सत्तरच्या दशकातले त्यांचे गाजलेले ध्वनिमुद्रण ज्यांनी घडवले, त्या विली मिचेल यांच्यासोबतच त्यांनी १९८५ मध्ये ‘ही इज द लाइट’ हा गॉस्पेल अल्बम केला.