शाई म्हणजे डॅम्पर नव्हे, ड्रमच्या मधोमध पुट्टी लावू नका

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामा, स्नेअरचा आवाजच गेला." पोरगा सोळा वर्षांचा. दोन वर्षं पैसे साठवून त्याने जुना पाच पीसचा सेट घेतलाय. जाऊन बघतो तर स्नेअरच्या (सेटमधला खाली तारा लावलेला ड्रम) हेडवर, म्हणजे वर ताणलेल्या पडद्यावर, बरोबर मधोमध, नळाच्या जोडाला लावतात त्या एपॉक्सी पुट्टीची लहान पुरीएवढी चकती, वाळून दगड झालेली. "तबल्याच्या शाईसारखी केली," म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोल थरासारखी, असं म्हणून त्याने मोबाईल पुढे केला. तोच मेसेज त्या आठवड्यात मला आणखी तिघांनी पाठवला. त्यातले एक तर आमच्या ऑर्केस्ट्रातले जुने ढोलकीवाले, ज्यांना हे कळायला हवं होतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ड्रम मारल्यावर मागे 'टण्ण' अशी रिंग राहते म्हणजे ड्रम हलक्या दर्जाचा आहे. आपल्या पूर्वजांनी तबल्यावर शाई लावून हे ओव्हरटोन (मूळ स्वराबरोबर उठणारे वरचे स्वर) मारले, म्हणून ड्रमच्याही मध्यभागी पुट्टी किंवा कणकेचा गोळा चिकटवा. आत उशी-गोधडी भरा, बीटल्ससुद्धा टॉवेल घालायचे. दुकानातलं, हेडवर चिकटवायचं जेल ही लूट आहे. आणि एकदा डॅम्पर (रिंग दाबणारी वस्तू) लागला की ट्यूनिंगची कटकट संपली.

रिंग म्हणजे हलका ड्रम, हे सरळ चूक. ताणलेलं कुठलंही साधं हेड रिंग करतंच. उलट ज्याचा शेल (ड्रमचं पिंप) खरोखर गोल आहे आणि कडा नीट घासलेल्या आहेत, तो महागडा टॉम (सेटमधला बिनतारांचा ड्रम) जास्त वेळ वाजत राहतो.

आता शाईकडे येतो. सगळ्यात जास्त नुकसान याच मुद्द्याने केलंय, आणि ते पूर्वजांच्या नावावर खपवलंय याचा मला राग आहे. शाई ओव्हरटोन मारत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर एक छोटं टिपण छापलं. पुढे १९३४ मध्ये रामन यांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तोच विषय सविस्तर मांडला. चामड्यावर बारीक वाळू भुरभुरून, कुठला भाग हलतो आणि कुठला स्थिर राहतो, ते त्यांनी पाहिलं. साध्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या पडद्याचा मूळ स्वर १ धरला, तर वरचे स्वर १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटीत येतात. त्यांचं एकमेकांशी जुळत नाही, म्हणून कानाला सूर न लागता नुसता खणखणाट लागतो. शाईच्या वजनाने हेच स्वर सरकतात आणि जवळपास १, २, ३, ४, ५ अशा पटीत येऊन बसतात. रामन यांनी दाखवलं की पडद्याच्या नऊ वेगवेगळ्या कंपनांतून हे पाच स्वर तयार होतात. म्हणजे ओव्हरटोन सगळे जिवंत आहेत, फक्त सुरात आलेत. म्हणून तर दायाँ (उजव्या हाताचा तबला) षड्जाला मिळवता येतो. शाईने आवाज मारला असता तर 'ना' वाजवल्यावर मागे आस (रेंगाळणारा नाद) कुठून राहिली असती?

शाई बनते कशी तेही बघा. लोखंडाची पूड, काजळी आणि भाताची खळ यांचा थर द्यायचा, दगडाने घोटायचा, मग पुढचा थर. घोटताना तिला बारीक भेगा पडतात आणि त्या पडायलाच हव्यात. त्यांच्यामुळे ती जड राहूनही चामड्याबरोबर लवते. एपॉक्सी लवत नाही. मायलारच्या (प्लास्टिकच्या) पातळ हेडवर ती निव्वळ ताठ दगड होऊन बसते.

शिवाय जागा चुकली आहे, आणि ती दोन प्रकारे चुकली आहे. एक तर स्नेअरवर काठी पडते ती मधोमधच. भाच्याने पहिल्याच सरावात तिथे मारलं, पुट्टीचा टवका उडाला आणि उरलेली काढताना हेडचं कोटिंगच सोलून आलं. दुसरं जास्त महत्त्वाचं. रिंग करणाऱ्या बहुतेक कंपनांना मध्यबिंदू हलतच नाही. पडद्याचा एक अर्धा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि दोघांच्या मधली रेघ स्थिर राहते. ती रेघ केंद्रातून जाते. जो बिंदू मुळात हलत नाही, तिथे वजन ठेवून रिंग कशी थांबेल? मध्यभागी सगळ्यात जास्त हलतो तो ड्रमचा मूळ, भरदार स्वर. गोळा लागतो तो नेमका त्यालाच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. टॉमच्या मध्यावर एक बोट हलकं टेकवा आणि कडेजवळ मारा. रिंग येतच राहील. आता तेच बोट कडेपासून इंच-दोन इंचांवर टेकवा आणि पुन्हा मारा. रिंग बसेल, धम्म तसाच राहील. भाच्याला हे पाच मिनिटांत पटलं. तबलजी 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर टेकवून चाटेवर (बाहेरच्या कडेवर) मारतो, तेही हेच ज्ञान उलट बाजूने वापरतो. मूळ स्वर थोपवायचा आणि वरचा सुटा ठेवायचा.

कणकेचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात आणि तिने आवाज खाली उतरतो, थोडा शोषलाही जातो. पण ती जाड चामड्यावर लावतात, वाजवून झालं की खरवडून काढतात आणि लावतात ती खर्ज मिळावा म्हणून. स्नेअरकडून आपल्याला खर्ज नकोच आहे.

टॉवेलचंही तसंच. १९६६ मध्ये ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारच्या बास ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला होता आणि पुढे टॉमवर टॉवेलही आले. पण ते स्टुडिओत, माइक हेडच्या अगदी जवळ असताना. जवळच्या माइकला सगळी रिंग ऐकू येते. गणपतीच्या मांडवात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये, बिनमाइकच्या टॉमची जी रिंग तुम्हाला स्टुलावर बसून टोचते ती तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतही नाही. तिथे गोधडी भरलीत तर खोका बडवल्यासारखा आवाज लोकांना मिळेल.

जेल महाग आहे, हे खरं. लूट म्हणणार नाही, कारण ते काम करतं, पण घरच्या वस्तूंनी तेवढंच काम होतं. कापडी टेपची पट्टी मधे उभी घडी राहील अशी दुमडून कडेजवळ चिकटवा. खाकी पॅकिंग टेप नको, तिचा गोंद हेडवर राहतो. एकीने भागलं नाही तर दुसरी लावा, पण समोरासमोर नको, कारण ती त्याच कंपनाला धरते. घड्याळातल्या बारा आणि दोनच्या जागा घ्या. फ्लोअर टॉममध्ये खालच्या हेडवर तीन-चार कापसाचे बोळे सोडा. मारल्यावर ते उडतात, ड्रम मोकळा वाजतो, मग खाली बसून शेपूट तेवढी कापतात. बास ड्रमला हेडच्या मागून फेल्टची एक पट्टी ताणली की बहुधा पुरतं.

राहिली ट्यूनिंग. डॅम्पर लावण्याआधी प्रत्येक टेन्शन रॉडजवळ, कडेपासून इंचभर आत काठीने टकटक करा आणि चावीने समोरासमोरच्या जोड्या सारख्या करा. ताण असमान असला की जवळजवळचे दोन स्वर एकमेकांवर आदळतात आणि 'वांव-वांव' ऐकू येतं. त्यालाच लोक ओव्हरटोन समजून टेप चिकटवत सुटतात. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

भाच्याच्या स्नेअरला नवं हेड घातलं. जुन्या हेडचा मधला भाग वाया गेला होता, कड मात्र शाबूत होती. वाकलेला काठ कापून टाकला आणि आतली सव्वा इंच रुंदीची गोल पट्टी काढली. ती आता नव्या हेडवर कडेला नुसती ठेवलेली असते, चिकटवलेली नाही. रिंग जास्त हवी असेल तेव्हा तो ती उचलून बाजूला ठेवतो.