मुलांना पद्धतशीर फसवावे कसे

हल्लीची मुलं बिचारी. मोबाइलवर खेळणं मागवतात, दुसऱ्या दिवशी ते दारात हजर आणि वर चित्रात होतं तसंच निघतं. नाही पटलं तर परत. मोठेपणी हळहळायला यांच्याकडे काय उरणार? साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन मुलाला कॉमिकच्या जाहिरातपानांतून टपालाने जन्माची हळहळ मिळायची: चित्रात एक, खोक्यात भलतंच. तीच मुलं आता म्हातारपणी लिलावात तीच पुठ्ठ्याची खोकी चढ्या भावाने घेतात. आपल्या अपत्यालाही हे सुख लाभावं असं वाटत असेल, तर थोडे कष्ट घ्या.

पहिला नियम: खर्च चित्रावर करा, वस्तूवर नको. हॅरॉल्ड फॉन ब्राउनहट या गृहस्थांनी 1960 च्या सुमारास ‘इन्स्टंट लाइफ’ विकायला काढलं आणि 1962 मध्ये त्याचं ‘सी-मंकीज’ असं बारसं केलं. जाहिरातीचं चित्र जो ओर्लांडो या कसलेल्या चित्रकाराचं. डोक्यावर मुकुटासारखे तुरे, हसरे आईबाबा, मागे राजवाडा. पाकिटात काय, तर आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची अंडी. मत्स्यालयवाले माशांच्या पिल्लांना जे खाऊ घालतात, तेच.

कृती सोपी आहे. लिटरभर नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाईल. आता दोन पुड्या बांधा. पहिलीवर ‘पाणी शुद्ध करणारी पावडर’ असं लिहा; तीत 25 ते 30 ग्रॅम मीठ आणि गुपचूप चिमूटभर अंडी. दुसरीवर ठळक अक्षरात ‘अंडी’. तीत थोडी अंडी, थोडं यीस्ट आणि निळा रंग. पहिली पुडी टाकल्यावर मुलाला पूर्ण दिवस थांबवा, कारण अंडी फुटायला 24 ते 36 तास लागतात. मग दुसरी त्याच्याच हाताने टाकायला लावा. कालची पिल्लं निळ्या पाण्यात उठून दिसतात आणि पोराला वाटतं, टाकताक्षणी जीव आला! मूळ कंपनीचा हातखंडा हाच होता. पाणी 25 ते 28 अंश उबदार आणि उजेडात हवं. डिसेंबरातल्या पुण्यात भांडं खिडकीत ठेवलंत, तर ही जादू दोन-तीन दिवस लांबते आणि तुमचं पितळ उघडं पडतं.

पिल्लू अर्ध्या मिलिमीटरचं. राजवाडा कुठाय, असं विचारलं तर भिंग द्या. खाणं आठवड्यातून एकदा, तेही चिमटीच्या टोकावर मावेल एवढंच. पण मूल मायेपोटी रोज घालणार. यीस्टने पाणी गढूळ होतं, प्राणवायू संपतो आणि अख्खं राजघराणं तळाशी जातं. मधे पडू नका. एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप.

क्ष-किरण चष्म्याला, म्हणजे डोळ्यांवर चढवताच हाडं दिसतील असं सांगून विकायच्या चष्म्याला, भांडवलच लागत नाही. दोन पुठ्ठ्यांना समोरासमोर सहा मिलिमीटरची भोकं पाडा आणि मधे पीस चिकटवा. मुंबईकरांना कबुतरांची वानवा नाही. फक्त पिसाचा दांडा भोकावर येऊ देऊ नका, नाहीतर नुसती काळी रेघ दिसेल; कडेचा विरळ भाग घ्या. त्या बारीक समांतर तंतूंमधून जाताना प्रकाश वळतो आणि प्रत्येक वस्तू जराशी सरकून दोनदा दिसते. दोन प्रतिमा जिथे एकमेकींवर येतात तिथे गडद, कडेला फिकं. झालं बोटातलं हाड. पेन्सिलीतही हाड दिसतं, पण ते मुलाला दाखवू नका. प्रयोग उजळ खिडकीसमोर हात धरून करावा. जाहिरातीत ‘दृष्टिभ्रम’ हा शब्द घालायला विसरू नका. मूळ जाहिरातीतही तो होता. वाचला कुणी नाही.

खेळण्यातल्या सैनिकांचं फारसं अवघड नाही. सव्वा डॉलरला 100 नग मिळायचे, तेही ‘पेटी’सकट. पेटी पुठ्ठ्याची. 100 भरवताना रणगाडे, विमानं, जहाजं सगळं सैन्यातच मोजा. आणि बाजूने सैनिक, समोरून रेघ, इतके चपटे पाडा. सतरंजीवर ते उभे राहत नाहीत. फरशीवर पंखा लागेपर्यंत राहतात.

अणुपाणबुडी मात्र मनापासून करावी. 6.98 डॉलरला सात फुटी पोलॅरिस, दोन मुलं मावतील एवढी, क्षेपणास्त्रांसह. ‘200 पौंड चाचणी पार केलेलं साहित्य’ हे वाक्य जसंच्या तसं उचला, त्याहून सरस तुम्हाला सुचणार नाही. सामान पाठवायच्या नेहमीच्या पन्हाळी खोक्याच्या पुठ्ठ्याचं हेच मोजमाप. तुम्ही फ्रिजचं खोकं घ्या. गॅलरीत ठेवलंत तर पहिल्याच पावसात ती खरोखरच बुडते.

आता वाट बघणं. कूपन भरून घ्या, नाणी पुठ्ठ्याला चिकटवून पाकिटात घाला आणि सहा आठवडे स्वस्थ बसा. 1975 मध्ये अमेरिकन सरकारने नियम केला की जाहिरातीत मुदत नसेल तर माल 30 दिवसांत रवाना करावा. तेव्हा मुदत छापून टाका. फोर्टातल्या फुटपाथवर ही कॉमिक्स रद्दीत वाचणाऱ्यांना तर डॉलर पाठवायचीच सोय नव्हती. त्यांचा पाणबुडीवरचा विश्वास आजही शाबूत आहे.

एक जाहिरात चुकूनही उचलू नका: 18.95 डॉलरला जिवंत स्क्विरल माकड. जाहिरातीत माकड आणि खोक्यातही माकडच! ते घरभर घाण करतं आणि चावतं. 1975 मध्ये पाळण्यासाठी माकडं आयात करायला तिकडे बंदी आली.

शेवटी ‘पसंत न पडल्यास पैसे परत’ हे छापाच. अटी दोनच: माल मूळ स्थितीत हवा आणि परतीचा टपालखर्च ग्राहकाचा. आर्टेमिया पुन्हा अंड्यात भरून कोण आणून देतं, ते बघू.