पावसाळ्यात सोफा खिडकीशी नकोच

ऋतू पालटला की दिवाणखान्याची मांडणीही पालटावी, हे घराच्या मांडणीवरील एका लेखातील म्हणणे पटले. मात्र पावसाळ्यात सोफा खिडकीलगत आणावा, ही त्याच लेखातील सूचना मुंबई-कोकणातील घरांना मानवणारी नाही. येथे नैर्ऋत्येचा वारा पावसाची झड पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर आणतो, त्यामुळे ११ जूनच्या सुमारास मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याआधीच या भिंतींना टेकलेले सामान वीतभर पुढे ओढून ठेवावे, म्हणजे मागे हवा खेळती राहते. तसे न केल्यास सोफ्याच्या पाठीकडच्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात आणि प्लायवूडचे पापुद्रे सुटू लागतात. पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे, टीव्ही युनिट तर तळाकडून फुगते आणि एकदा फुगले की पूर्ववत होत नाही. गालिचा उन्हात कडकडीत वाळवून, गुंडाळून ठेवलेलाच बरा.

थंडीचे गणित वेगळे. डिसेंबरात मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आत येते; मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर असल्याने त्याच खिडकीतून ते फारसे आत शिरत नाही. म्हणून आजोबांची आरामखुर्ची तेथे हलवायची ती हिवाळ्यातच, आणि टीव्ही त्या खिडकीसमोर असल्यास पडद्यावर तिरीप येणार हे धरून चालावे. जड सामान ओढण्याऐवजी पायांखाली जुनी सतरंजी घालून सरकवावे, कारण फरशीवरचे ओरखडे पॉलिश केल्याखेरीज जात नाहीत.