‘सी-टू’ दिसलं म्हणून पळू नका, ‘सी-वन’ दिसलं म्हणून पेढे वाटू नका

मुंबई-ठाण्यात तीस-चाळीस वर्षं जुना रीसेल फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातले ‘अनुभवाचे बोल’ थोडक्यात असे: जुनं बांधकाम नव्यापेक्षा मजबूत असतं. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत) दोष निघाला की व्यवहार सोडा. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे इमारत ठीक. दुरुस्ती ही सोसायटीची भानगड, आपली नाही. आणि इमारत ‘सी-वन’, म्हणजे पाडण्याइतकी धोकादायक, निघाली तर लॉटरीच, रीडेव्हलपमेंटमध्ये नवंकोरं घर. म्हणजे दोष निघाला तर पळा, आणि फारच मोठा निघाला तर घ्या! हे फॉरवर्ड करणाऱ्या कोणाला खटकलेलं दिसत नाही.

‘पूर्वीचं काम चोख असायचं’

दगडी वाड्यांबद्दल बोलत असाल तर गोष्ट वेगळी. रीसेलला येणारे बरेचसे जुने फ्लॅट सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतींमधले असतात. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं आणि ते परमिटवर मिळायचं. हे नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. सिमेंट वाटपाच्याच प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला होता. अशा टंचाईत प्रत्येक साइटवर सिमेंट मापात पडलं असेल, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

बरं, सगळं नियमानुसार झालं असं धरू. पण तेव्हाचे नियमच आजच्यापेक्षा ढिले होते. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत आरसीसीला एम १५ काँक्रीट (आकडा मोठा तितकं मजबूत) चालायचं, २००० च्या आवृत्तीत किमान एम २० आलं. स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं कव्हर तेव्हा जेमतेम १५ मिलिमीटर पुरायचं. चाळीस पावसाळे आणि खारी हवा यांना सळईपर्यंत पोचायला एवढंच अंतर कापायचं होतं.

‘दोष निघाला की व्यवहार सोडा’

चाळीस वर्षांच्या इमारतीचा एकही दोष नसलेला रिपोर्ट कोणी हातात ठेवला, तर मी आधी तो लिहिणाऱ्यावर संशय घेईन. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार ऑडिट बंधनकारक आहे. ते करून घेतलं यात इमारतीची बदनामी काहीच नाही.

आधी शिक्के समजून घ्या. सी-वन म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-टू-ए म्हणजे मोठी दुरुस्ती, त्यासाठी इमारत रिकामी करावी लागेल किंवा काही भाग पाडावा लागेल. सी-टू-बी म्हणजे माणसं राहत असतानाच करता येणारी संरचनात्मक दुरुस्ती. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. आता हिशेब करा. समजा, सी-टू-बी इमारतीचं दुरुस्तीचं एस्टिमेट ६० लाख आहे आणि इमारतीत ४० फ्लॅट आहेत. तुमच्या वाट्याला दीड लाख येतात. फ्लॅट ८० लाखांचा असेल तर ही रक्कम दोन टक्केही नाही. ती भावातून उतरवून मागा. दीड लाखासाठी ऐंशी लाखांचं मनासारखं घर सोडण्यात शहाणपण नाही.

अर्थात शिक्का वाचून रिपोर्ट मिटवायचाही नाही. कुर्ल्यात नाईक नगरमधली इमारत जून २०२२ मध्ये कोसळून १९ जण गेले. महापालिकेने ती आधी धोकादायक ठरवली होती. पुढे रहिवाशांनी नेमलेल्या सल्लागाराने ती दुरुस्तीयोग्य ठरवली आणि लोक तिथेच राहत होते.

म्हणून मागची परिशिष्टं उघडा, चाचण्यांचे तक्ते तिथे असतात. बहुतेक जण फक्त रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर आपटून किती उसळते ते मोजणाऱ्या हातोडीचे) आकडे बघतात, कारण ते मजबुतीच्या भाषेत दिलेले असतात. पण कार्बोनेशन झालेल्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कता गेलेल्या) जुन्या काँक्रीटची साल टणक होते, त्यामुळे हातोडी जास्त उसळते आणि आकडा फुगतो. एखादा जुना कॉलम हॅमरवर नव्यासारखा दिसू शकतो आणि आत सळई गंजत असते. म्हणून त्याच कॉलमची कार्बोनेशन चाचणी शोधा. फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थलीन फवारतात. गुलाबी झालं तो भाग शाबूत, रंग आलाच नाही तिथली, सळईला गंजापासून वाचवणारी अल्कता गेलेली. हा बिनरंगी पट्टा सळईच्या मागे पोचला असेल तर सळईचं संरक्षण संपलंय. मग हाफ-सेलचा, म्हणजे सळईचं विद्युत-विभव मोजणाऱ्या चाचणीचा, तक्ता बघा. उणे ३५० मिलिव्होल्टच्या खालचे आकडे, म्हणजे उणे ४०० किंवा ४५०, हे त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त असल्याचं सांगतात. काँक्रीटमधून जाणाऱ्या अल्ट्रासॉनिक लहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली असेल तर काँक्रीटच संशयास्पद. आणि रिपोर्टमध्ये नुसते फोटो आणि एक हॅमरचा तक्ता असेल, तर ते ऑडिट बहुधा खानापूर्तीचं आहे.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा आपल्या फ्लॅटपेक्षा खालच्याच्या घरात जास्त वेळ घालवा. तुमच्या बाथरूमची गळती तिथल्या छतावर दिसते. तिथे नुकतंच पीओपी केलेलं असेल तर का केलं, ते विचारा. मग गच्चीवर जा. गळती थांबत नाही म्हणून कोब्यावर कोबा, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थरावर थर, चढवलेला असतो. चार इंची कोबा म्हणजे दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. असे दोन-तीन थर त्या बिचाऱ्या स्लॅबने पेलायचे. गच्चीच्या दारात उंबरठा शिल्लक राहिला नसेल, तर समजून जा. तळमजल्यावर दुकान किंवा दवाखाना असेल तर आत जाऊन कॉलम शाबूत आहेत का ते बघा. घाटकोपरमधली चारमजली इमारत जुलै २०१७ मध्ये पडली तेव्हा तळमजल्यावर फेरफार चालू होते. १७ माणसं गेली.

‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे झालं’

बँकेचा व्हॅल्युअर बँकेसाठी येतो. कर्ज थकलं तर वस्तू विकून पैसे सुटतील का, एवढंच त्याला बघायचं असतं. तो कॉलममध्ये सुई घालत नाही.

‘दुरुस्ती सोसायटी करते’

करते, पण कोणाच्या पैशाने? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीची) किमान वर्गणी बांधकाम खर्चाच्या पाव टक्का, तीही मूळ खर्चावर. १९८५ मध्ये फ्लॅटचा बांधकाम खर्च दीड लाख धरला तर वर्षाला ३७५ रुपये होतात. चाळीस वर्षांचे १५ हजार, अधिक व्याज. दुरुस्ती निधीचा पाऊण टक्का त्या त्या वर्षीच्या डागडुजीत जातो. उरलेले पैसे सभासदांकडून जादा वर्गणी म्हणून मागतात, आणि मागणी येते तेव्हा ज्याच्या नावावर फ्लॅट, त्याने ती भरायची.

म्हणून सर्वसाधारण सभांची मागच्या तीन-चार वर्षांची इतिवृत्तं वाचा. तुम्ही अजून सभासद नाही, तुम्हाला सोसायटी दाखवणार नाही. विकणाऱ्याला सहकार कायद्याने ती पाहण्याचा हक्क आहे, त्यालाच मागायला लावा. ‘दुरुस्तीचा विषय पुढील सभेत’ असं वाक्य तीन वर्षं सलग दिसलं की बिल तुमच्या नावावर फुटणार हे ओळखा. साठेखतात स्पष्ट लिहून घ्या: ताब्याच्या तारखेपूर्वी ठराव झालेल्या दुरुस्तीची वर्गणी, मागणी नंतर आली तरी, विकणाराच देईल.

रेरा या घरबांधणी नियमन कायद्याच्या पाच वर्षांच्या दोष-हमीवर कोणी विसंबू नये. ती प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची, जबाबदारी आहे आणि ताबा दिल्यापासून मोजतात. १९८५ च्या इमारतीत तिचा उपयोग शून्य.

‘सी-वन म्हणजे लॉटरी’

सी-वनची नोटीस लागली की घर सोडावं लागतं. त्या इमारतीतल्या फ्लॅटवर बँक कर्ज द्यायला तयार होणं कठीण. आधीच कर्ज काढलं असेल तर ईएमआय चालू, वर बाहेरच्या घराचं भाडं. बिल्डर मिळाला की भाडं तो देईल म्हणता? मिळाला तर.

तो मिळणं प्लॉटवर ठरतं. कन्व्हेयन्स (जमिनीचं हस्तांतरण) झालं नसेल तर जमीन सोसायटीच्या नावावरच नाही. समोरचा रस्ता अरुंद असेल तर एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) पुरा मिळत नाही. पार्ला, सांताक्रूझ, कुर्ला या भागांत विमानतळाच्या फनेल झोनमुळे (विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यामुळे) उंचीवर मर्यादा आहे. वर चढता येत नाही, मग विकायला जादा फ्लॅट निघत नाहीत आणि बिल्डर फिरकत नाही. अशा प्लॉटवरचं सी-वन घर कितीही स्वस्त मिळालं तरी मी हात लावणार नाही. प्लॉट मोठा, कन्व्हेयन्स झालेलं, बिल्डरशी करारनामा नोंदवलेला असेल तर गोष्ट निराळी, पण मग विकणारा तुम्हाला लॉटरीच्याच भावात विकेल.

मेसेजच्या शेवटी ‘आधी टोकन देऊन ब्लॉक करा, कागद नंतर’ असंही लिहिलंय. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण ‘साधारण काळजी’वरून कोर्टात वर्षं जातात. त्यापेक्षा टोकनच्या पावतीवरच एक ओळ लिहून घ्या: ‘ऑडिट रिपोर्टची परिशिष्टांसह पूर्ण प्रत आणि सोसायटीचं थकबाकी-पत्र पंधरा दिवसांत न मिळाल्यास टोकन पूर्ण परत.’